कान वाचवणारी गोळी आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ॲमिकासिन किंवा जेंटामायसिन या जंतू मारणाऱ्या औषधांच्या इंजेक्शनांनी ऐकणं जाऊ शकतं; ती चालू असताना कान राखेल अशी मान्यताप्राप्त गोळी आज तरी नाही. चीनमधल्या एका चाचणीत (२००६) जेंटामायसिनसोबत ॲस्पिरिन दिलेल्यांपैकी ३ टक्के, तर न दिलेल्यांपैकी १३ टक्के लोकांचं ऐकणं कमी झालं. पण मात्रा होती रोज ३ ग्रॅम! काहींच्या पोटात रक्तस्राव झाला. घरच्या घरी हा प्रयोग नको.

अंतर्कर्णातल्या केसपेशींच्या (आवाज टिपणाऱ्या पेशींच्या) टोकाशी आवाजाच्या कंपनांनी उघडणाऱ्या सूक्ष्म वाटा असतात. औषध तिथूनच आत शिरतं, सहजी बाहेर पडत नाही आणि पेशी मारतं. माणसात ती पुन्हा उगवत नाही. आधी मरतात त्या तीव्र, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी. त्यामुळे बोलणं व्यवस्थित ऐकू येतं, ८००० हर्ट्झपर्यंतची नेहमीची ऑडिओमेट्रीही (ऐकण्याची चाचणी) नॉर्मल येते, आणि नुकसान मात्र सुरू झालेलं असतं.

म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी, फार तर ७२ तासांत, त्याहून उंच स्वर तपासणारी हाय फ्रिक्वेन्सी ऑडिओमेट्री करा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत कानांची तपासणी होते; ही विशिष्ट चाचणी मिळेल का, ते आधी विचारून जा. मग दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा. एका फ्रिक्वेन्सीला (स्वराच्या उंचीला) २० डेसिबल किंवा लागोपाठच्या दोन फ्रिक्वेन्सींना १०-१० डेसिबलची घट दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. इंजेक्शन मनाने बंद करू नका. जेंटामायसिन तोलही बिघडवतं: अंधारात झोक जाणं, जिना उतरताना भिंत धरावी लागणं. हे ऑडिओमेट्रीत दिसत नाही.

औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघत राहायचं. लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. दोन्ही मिळून धोका बराच वाढतो.

एक प्रश्न मात्र हमखास राहून जातो. आई, आजी, मामा, मावशी यांच्यापैकी कुणाला टीबीच्या स्ट्रेप्टोमायसिननंतर (हेही याच गटातलं इंजेक्शन) बहिरेपण आलं होतं का? मायटोकॉन्ड्रियातला (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातला) एक जनुकीय बदल आईकडून येतो, आणि तो असला तर थोड्या डोसांनीही कान जाऊ शकतात.

खरा बचाव झाला तो औषध बदलल्याने. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी याच गटातलं कॅनामायसिन वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं. आता बेडाक्विलिनसारख्या गोळ्यांवर भर असतो. तेव्हा इंजेक्शन लिहिलं गेलं, तर दुसरा पर्याय आहे का, हे बेलाशक विचारा.

कोर्स संपल्यावरही औषध अंतर्कर्णात काही महिने टिकतं. तीन आणि सहा महिन्यांनी कान पुन्हा तपासा, आणि तोवर मिरवणुकीतल्या डीजेपासून लांब राहा.