जर्मेनियमपासून द्रवस्फटिकापर्यंत

खानापूरचे आमचे थोरले काका बेंगळुरूच्या कारखान्यात ट्रान्झिस्टर (रेडिओतले विद्युतसंकेत वाढवणारे चिमुकले सुटे भाग) बनवू लागले, तेव्हा माल जर्मेनियम या अर्धवाहक मूलद्रव्याचा असे; उष्म्याने त्यातली विद्युतगळती वाढते, म्हणून भर उन्हाळ्यात रेडिओ का बिघडतो, हे ते सुट्टीत गावी आले की शेजाऱ्यांना हौसेने समजावत. पुढे जर्मेनियमवर सिलिकॉन या दुसऱ्या अर्धवाहकाची सरशी झाली ती केवळ उष्णता सोसण्यामुळे नव्हे, तर त्याच्यावर चढणाऱ्या टिकाऊ ऑक्साइडच्या थरामुळे, असे ते बजावत. नंतर काका डिस्प्ले, म्हणजे आकडे-चित्रे दाखवणारे पडदे, बनवण्याकडे वळले. दोन काचांमधल्या काही मायक्रोमीटरच्या फटीत द्रवस्फटिक (लिक्विड क्रिस्टल : द्रवासारखा वाहणारा, पण स्फटिकासारखी रेणूंची शिस्त काहीशी राखणारा पदार्थ) भरायचे, आणि धुळीचा कण राहिला की अख्खा नग बाद! १९७७ मध्ये बेंगळुरूच्याच रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर (नोबेलवाले ते वेगळे) व सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले, याची आपल्याकडे म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, असे माझे मत आहे.