पहिला बल्ब पी लेस

नववीला ‘धाराविद्युत’ शिकवताना चोपडा तालुक्यातल्या माझ्या वर्गात एक समजूत दरवर्षी भेटते. एकसर जोडणीत (बल्ब एकाच वाटेवर एकामागोमाग) पहिला बल्ब वीज खातो आणि उरलीसुरली दुसऱ्याला मिळते. यंदा एका पोराने तर पुरावाच दिला. “सर, पहिला बल्ब पी लेस, मंग दुसराले कमी भेटस. आमना केळीना बागमा ठिबकनं बी तसंच शे.” नळीच्या टोकाच्या झाडाला पाणी कमी पोचतं, हे त्याच्या रोजच्या डोळ्यांसमोरचं. त्याला नुसती व्याख्या सांगून काय होणार?

मग लॅपटॉपवर फेटचं (PhET) सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग, उघडला. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. फुकट आहे, आणि एकदा उतरवून ठेवलं की नेट लागत नाही (आमच्याकडे हेच मोठं). ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे दोन बल्ब. पोरांनी धारा मोजणारा अॅमीटर पहिल्या बल्बच्या आधी लावला, मग मधे, मग शेवटी. तिन्ही जागी ०.४५ अँपिअर.

“ते चित्र शे सर, चित्रमा काहीबी दखाडता येस.”

शंका रास्त होती. कपाटातून टॉर्चचे बल्ब, सेल आणि मल्टिमीटर काढला. जोडणी केली, तर दुसरा बल्ब खरोखरच मंद! पोरगा एकदम खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि कोणाला न विचारता दोन्ही बल्बांची अदलाबदल केली. मंद बल्ब पहिल्या जागी आला, तरी मंदच. मीटरचा आकडा दोन्ही बाजूंना सारखाच.

बल्ब वेगवेगळ्या कंपन्यांचे, म्हणून रोधही (धारेला होणारा अडथळा) वेगळा. सिम्युलेशनमधले जुळे बल्ब हे कधीच दाखवत नाहीत, दाखवायला लावावं लागतं. दुसऱ्याचा रोध ५ ओहम केला. वर्गाला वाटलं, अडथळा कमी झाला म्हणजे तो जास्त पेटेल. झालं उलटंच, तोच मंदावला. धारा मात्र दोन्हीकडे ०.६०.

“मंग सर, कमी काय व्हस?”

मी व्होल्टमीटर त्याच्याकडे सरकवला. एका बल्बवर ६, दुसऱ्यावर ३. बेरीज सांगायची वेळ त्या मुलीने माझ्यावर येऊच दिली नाही.