कानातले खडे

पहाटे कूस बदलली आणि खोली फिरली. पंखा बंद होता, छत मात्र त्याच्याभोवती गरगरत होतं. पलंगाची कड घट्ट धरून मी नुसतं "अगं, अगं" करत राहिलो. अर्ध्या मिनिटात सगळं जागच्या जागी. पुन्हा उजवीकडे वळलो, पुन्हा तेच.

आमच्याकडे निदान डॉक्टरांच्या आधी होतं. पंधरा दिवसांपूर्वीच्या रक्ताच्या रिपोर्टात युरिक अ‍ॅसिड 7.8 निघालं होतं. "तेच चढलंय डोक्यात," ही म्हणाली. त्या दिवसापासून मटण, पालक आणि तुरीचं वरण बंद. मटणाचं ठीक आहे, पण वरणाने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी माझी मान 45 अंशांत उजवीकडे वळवली आणि मला झटक्यात मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर लोंबतं. मी जीव मुठीत धरून, आणि ते शांतपणे माझे थरथरणारे डोळे बघतायत! "खडे सुटलेत," म्हणाले. आतल्या कानात तोल सांभाळायला कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते निसटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की मान वळताच तिथलं पाणी हलवतात, आणि मेंदूला वाटतं आपणच फिरतोय. मोतीही कॅल्शियम कार्बोनेटचाच. म्हणजे हिच्या कुड्या कानाबाहेर, माझ्या आत.

मग त्यांनी माझं डोकं टप्प्याटप्प्याने, अर्धा-अर्धा मिनिट थांबत फिरवलं आणि खडे घरी पोचवले. एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची ही युक्ती. गोळी नाही, सुई नाही.

हिने युरिकचं विचारलंच. "पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात ठणकतात ते युरेटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे खडे, हे निराळे," डॉक्टर म्हणाले. "दोन्हींचा संबंध शोधून पाहिलाय लोकांनी. काही अभ्यासांत अशा रुग्णांचं युरिक जास्त निघालं, काहींत चक्क कमी. तुम्ही ड जीवनसत्त्व तपासून घ्या. युरिकसाठी बिअर आणि कलेजी सोडा, डाळ-पालकाला भिऊ नका."

शेवटचं वाक्य ही बाहेर पैसे भरायला गेल्यावर आलं. घरी येऊन मी डाळीचं तेवढं सांगितलं. रात्री वरण-भात, वर तूप. पालकाचं अजून सांगितलेलं नाही.