आधी टक्के, मग भाव

लातूरच्या आडत बाजारात वाढलेल्या माणसाला भाव वेगळा शिकवावा लागत नाही. तूर चांगली आहे एवढ्यावर तिथे कुणी बोली लावत नाही. ओलावा, माती, डागी बघून मनात भाव धरायचा, आणि त्याच्या आत मिळाली तरच माल उचलायचा. घोड्यांच्या रेसवर पैसे लावतानाही हीच नजर हवी, हे मला पुण्याच्या रेसकोर्सवर नेहमी येणाऱ्या एका काकांनी दाखवलं. मी विचारलं, "काका, पुढच्या रेसला पहिला कोण येणार?" ते म्हणाले, "ते राहू दे. हीच रेस शंभरदा पळवली तर सहा नंबरची घोडी कितीदा येईल, ते सांग."

त्या प्रश्नापासून माझी वही सुरू झाली.

पुण्याचा मोसम पावसाळ्यातला. लातूर-मुंबई एक्सप्रेसने रात्री निघतो, पण वहीचं काम घरीच उरकलेलं असतं. प्रत्येक घोड्यावर लादलेलं वजन, अंतर, ड्रॉ (सुटतानाची जागा), जॉकी आणि मागच्या रेसा बघून तो जिंकण्याचे टक्के लिहितो. सगळ्यांची बेरीज शंभरच आली पाहिजे. ही अट फार कामाची आहे, कारण एकाला वाढवायचं तर दुसऱ्याचं कापावं लागतं. आणि बोर्डावरचा भाव, म्हणजे जिंकल्यास किती मिळतील ते, तोवर बघायचा नाही. एकदा फेव्हरिट, म्हणजे सगळ्यांत कमी भावाचा घोडा, कळला की हात आपोआप त्याच्याकडेच झुकतो.

दादा एकदा म्हणाले, "काय करलालास रे? जुगाराला एवढा हिशेब?" मी त्यांना सांगितलं, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. ते कौशल्य लावणाऱ्याच्या वहीतही दिसायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बोर्डावरचा भाव टक्क्यांत मोडणं सोपं आहे. ५/२ म्हणजे दोन लावले तर पाच नफा. आपले दोन धरून हातात सात, म्हणून सातातले दोन, साधारण २८.६ टक्के. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी, १ ऑक्टोबर २०२३ पासून, तो २८ टक्के होता. म्हणजे शंभर लावायला खिशातून १४० जातात आणि ५/२ ला परत येतात ३५०. नुसती बरोबरी साधायला घोडा शंभरात चाळीस वेळा यायला हवा. हा हिशेब न मांडता खिडकीवर जाणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

एका १२०० मीटरच्या हँडीकॅपचं, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात त्या रेसचं, सांगतो. फेव्हरिटचा भाव एकास एक. माझ्या वहीत त्याला ४५ टक्के, आणि कर धरून लागत होते ७०. तो येण्याची शक्यता सगळ्यांत जास्त आहे हे मलाही मान्य होतं, तरी त्या भावात तो महाग होता. सहा नंबरची घोडी मागच्या दोन्ही रेसांत मागे राहिलेली, म्हणून लोकांनी सोडलेली. पण त्या रेसा २००० मीटरच्या होत्या. त्याआधी १२०० वर तिनं चांगली धाव दिली होती. तिला मी २५ टक्के दिले होते. बुकीकडे भाव ५/१, म्हणजे १४० ला ६००. लागत होते २३.३. फरक थोडाच, म्हणून रक्कमही थोडी. बुकीकडे लावताना मिळालेला भाव कायम राहतो. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून वाटतात तिथे, मात्र खिडकी बंद होईपर्यंत तो हलतो, त्यामुळे इतक्या बारीक फरकाला टोट नको.

घोडी दुसरी आली, फेव्हरिट जिंकला. शेजारचे हळहळले. माझ्या वहीत तिचे २५ टक्के तसेच राहिले, कारण चारातल्या तीन वेळा ती हरणार हे मीच लिहिलं होतं. आकडा बरोबर होता की नाही, हे एका रेसवरून कळत नाही. त्यासाठी वहीत वेगळं पान आहे. ज्यांना ज्यांना वीस ते तीस टक्के दिले ते सगळे एकत्र मांडायचे आणि त्यातले किती आले ते मोजायचं.

मोठा भाव म्हणजे फायद्याचा भाव, असंही नाही. २०/१, ३०/१ भावाचे घोडे लोक आशेपोटी जास्त उचलतात. अमेरिकेतल्या अभ्यासात हे १९४९ सालीच नोंदलं गेलं. एकाच तिकिटावर अनेक निकाल अचूक सांगावे लागतात त्या टनाला, जॅकपॉटकडे मी वळत नाही. तिथे टक्के लिहायला माझी वही पुरत नाही.

नव्या करानंतर दिवसभराच्या रेसांत एकही भाव न बसणं नेहमीचं झालंय. मग वहीत निकाल भरतो आणि खिशाला हात न लावता लातूरची गाडी धरतो.