अकरा बाय दहाच्या खोलीतला डग्गा

तबल्याचं कितीही चांगलं रेकॉर्डिंग लावलं तरी माझ्या खोलीत डग्गा अर्धाच ऐकू यायचा. चाटीवरचा ‘ना’ एकदम लख्ख, पण ‘घे’ वाजवून मनगटाने घिस्सा मारला की सूर खालून वर चढत जातो ना, तो सुरुवातीला भसाभसा घुमायचा आणि चढता चढता मधेच गायब. बास गिटारचं पण तेच, ए ची मोकळी तार वाजली की खिडकीची काच थरथरायची आणि पुढचे सूर नुसते नावाला. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अरे, तुझं ते सुरू झालं की माझी झाकणं वाजायला लागतात, बघ जरा!”

पुण्यातला साधा फ्लॅट, खोली 11 फूट लांब, 10 फूट रुंद, उंची साडेनऊ. विटांच्या भिंती, वर खाली स्लॅब. समोरच्या कोपऱ्यात सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर (पुढे नुसतं सब म्हणतो), आणि एका बाजूला कपाट असल्यामुळे सोफा मागच्या भिंतीला चिकटून पार कोपऱ्यात.

पहिले पैसे गेले ते फोमवर. ते काळे पिरॅमिडवाले तुकडे असतात ना, दोन भिंतींवर लावले. टाळी वाजवली की जो खणखणाट यायचा तो गेला, पण बास जसाच्या तसा, उलट वरचा आवाज मेल्यामुळे घुमणं जास्तच जाणवायला लागलं. कारण नंतर कळलं आणि ते कळल्यावर सगळंच सोपं झालं. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते, तिला दोन इंचाचा फोम म्हणजे काहीच नाही.

मग खोलीतला आवाज मोजायचं आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि मोजणीसाठीचा युमिक-1 माइक घेतला. माइक बरोब्बर कानाच्या उंचीला, म्हणजे मी बसतो तिथे डोकं जिथे येतं तिथे, दार बंद, पंखा बंद, आणि खालून वरपर्यंत एक सलग सूर सोडला. ग्राफ आला तेव्हा मी खरंच पाच मिनिटं नुसता बघत बसलो, 50 ते 60 हर्ट्झच्या मधे 14 डेसिबलचा डोंगर आणि 94 ला 17 डेसिबलचा खड्डा! डग्ग्याचा घिस्सा त्या डोंगरावरून निघून सरळ त्या खड्ड्यात पडत होता.

डोंगराचं गणित शाळेतलं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 344 मीटर, त्याचं अर्धं करा आणि खोलीच्या मापाने भागा. माझ्या लांबीचं उत्तर 51, रुंदीचं 56, उंचीचं 59. तिन्ही मापं एकमेकांच्या इतकी जवळ की तिघांचा घुमारा एकाच जागी साठतो, आणि कोपऱ्यात तो सगळ्यात जास्त असतो, म्हणजे सब कोपऱ्यात ठेवून मी तिन्ही जागे करत होतो आणि मागच्या कोपऱ्यात बसून तिन्ही ऐकत होतो. चौकोनी खोलीवाल्यांनी आधी हे गणित करून बघाच.

खड्ड्याच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. मला वाटलं, कमी आहे ना, मग वाढवू, म्हणून इक्वलायझरमधे (ठरावीक सूर कमीजास्त करायची सोय) 94 ला 9 डेसिबल चढवले. 9 डेसिबल म्हणजे अँप्लिफायरकडून आठपट पॉवर मागणं. स्पीकरचा पडदा पुढेमागे फडफडायला लागला, आणि ग्राफवर खड्डा तिथेच. कारण थेट येणारा आवाज आणि स्पीकरच्या पाठीमागच्या भिंतीवर आपटून उलटा आलेला आवाज तिथे एकमेकांना मारतात, तुम्ही एक वाढवला की दुसरा पण तेवढाच वाढतो. इक्वलायझर डोंगर कापायला वापरायचा, खड्डा भरायला नाही.

त्यानंतर जे जमलं ते सगळं फुकटात जमलं. स्पीकर भिंतीपासून लांब ठेवावेत असं सगळीकडे वाचून मी ते 3 फूट पुढे ओढले होते, आणि 94 चा खड्डा नेमका त्या 3 फुटांचा होता. मागे सरकवून पुढचा पृष्ठभाग भिंतीपासून सव्वा फुटावर आणला तर खड्डा 225 च्या आसपास गेला, आणि तिथे भिंतीवरचं आवाज शोषणारं पॅनेल काहीतरी करू शकतं. सब कोपऱ्यातून काढून समोरच्या भिंतीच्या मधोमध. मग 51 चा एकच सूर चालू ठेवून खोलीत सावकाश चाललो. हे एकदा करून बघाच. मागच्या भिंतीशी कानावर दाब येतो, तिथून एकेक पाऊल पुढे येत गेलं की तो उतरतो आणि खोलीच्या मधोमध सूर जवळजवळ नाहीसा होतो, अगदी सब बंद पडला असं वाटावं इतका. मी मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर खडूने खूण केली आणि सोफा घरच्यांना देऊन तिथे खुर्ची टाकली.

पॅनेलसाठी रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, आणलं, 2 इंचाचे दोन थर एकत्र करून 4 इंच. टिंबर मार्केटमधून लाकडाच्या पट्ट्या आणून फ्रेम केल्या, वर मांजरपाट ताणून स्टेपल मारले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क घाला हो, मी पहिल्या दिवशी नाही घातले आणि दोन दिवस हात खाजत होते. स्पीकरच्या मागे आणि कोपऱ्यांत तिरके असे सहा लावले. 50 ला त्यांचा फारसा उपयोग नाही, पण 100 च्या वर आवाज पटकन थांबायला लागला आणि तो 225 चा खड्डा बराच उथळ झाला.

शेवटी 51 ला 7 डेसिबल उरले होते, ते इक्वलायझर एपीओ या कॉम्प्युटरवरच्या इक्वलायझरमधे एकाच अरुंद फिल्टरने 6 ने कापले.

आता घिस्सा खालपासून वरपर्यंत सलग येतो, काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज जोडीच्या तारांपासून वेगळा ऐकू येतो, आणि झाकणं गप्प आहेत. मागच्या भिंतीच्या मधोमध दुसरा सब ठेवला तर समोरचा आणि तो मिळून लांबीचा 51 आपोआप मारतील, फिल्टरचं कामच उरणार नाही. पण बरोब्बर तिथेच आईचं शिलाई मशीन आहे, आणि ती म्हणते दिवाळीचं शिवणकाम झाल्यावर बघू.