हूक बाजूला, प्रश्न पुढे: बडोद्याच्या छोट्या व्हिडिओंची नोंद

या महिन्यात शूट जवळजवळ बंद ठेवलं आणि आवडलेल्या छोट्या व्हिडिओंची चिरफाड केली. आधी आवाज बंद करून पाहायचं, मग स्क्रीन पालथी घालून नुसतं ऐकायचं, मग वहीत शॉटवार उतरवायचं. डाव्या पानावर काय दिसतंय, उजव्या पानावर त्या क्षणी मला काय जाणून घ्यावंसं वाटतंय. उजवं पान कोरं राहिलं की अंगठा आपोआप वर सरकतो. स्वतःवर तपासून बघा.

हूकबद्दल, म्हणजे बघणाऱ्याला पहिल्या क्षणी पकडणाऱ्या सुरुवातीबद्दल, आपल्या व्हिडिओ करणाऱ्या मंडळींत बोलून बोलून चोथा झालाय. पण पहिल्याच सेकंदाला ओरडणाऱ्या बऱ्याच व्हिडिओंचं उजवं पान लगेच कोरं पडतं. ओरडल्यावर माणूस थांबतो, पण थांबून त्याने करायचं काय? जे शेवटपर्यंत पाहिले गेले त्यांत एखादा बारकासा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर लांबवलेलं होतं.

कॅलिफोर्नियातल्या जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून सामान्य लोकांना डिजिटल गोष्टी करायला शिकवलं. त्यातून त्यांनी सात अंगं मांडली: दृष्टिकोन, नाट्यमय प्रश्न, भावना, स्वतःचा आवाज, पार्श्वसंगीत, काटकसर आणि गती. त्यांच्या गोष्टी दोन-तीन मिनिटांच्या. माझ्या पाऊण मिनिटाच्या व्हिडिओत सातही कोंबायला गेलो तर सगळ्यांचाच भुगा होईल. मी प्रश्न, आवाज आणि काटकसर धरली. संगीत सगळ्यात आधी काढलं, आणि त्यावाचून काही अडलं नाही.

प्रयोग सेव उसळीवर केला, बडोद्यात दुसरं काय असणार! फुटेज एकच, लांबी तीच. पहिल्या एडिटमध्ये जसं घडलं तसं: वाटाणे, रस्सा, वरून शेव, कांद्याची पात, पाव. दिसायला झकास. दुसऱ्याची सुरुवात गिऱ्हाइकापासून. तो म्हणतो, "काका, तरी आतच टाका." काका मानेनेच नाही म्हणतात आणि तिखट तरीची वाटी बाजूला ठेवतात. का बरं? मग तीच सगळी कृती, आणि शेवटी काकांचं उत्तर: "आधी तशीच खाऊन बघ. मग झेपेल तेवढी घे." पहिल्या व्हिडिओवर मित्रांनी "मस्त" म्हणून हात झटकले. दुसऱ्यावर तरी आत की बाहेर यावरून भांडण जुंपलं. रिटेन्शनचा, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंत किती जण टिकले याचा, आलेखही बोलका आहे: पहिल्यात शेव पडली की रेघ घसरते, दुसऱ्यात काका बोलेपर्यंत टिकते.

आलेखच बघा, व्ह्यूजच्या आकड्याने हुरळू नका. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट्सवर व्हिडिओ नुसता सुरू झाला किंवा पुन्हा वाजला तरी व्ह्यू धरला जातो. खरोखर थांबून पाहणाऱ्यांचा आकडा वेगळा मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे, पण माझा हात अजून पाऊण मिनिटावरच बसलाय.

कटबद्दल जुनीच गोष्ट नव्याने पटली. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा तोच चेहरा सूपची वाटी, शवपेटी आणि स्त्री यांच्याशी जोडून दाखवला होता. पाहणाऱ्याला त्या एकाच चेहऱ्यात भूक, शोक आणि ओढ असे वेगवेगळे भाव दिसतात. मी मामांचा खिडकीतून बाहेर बघणारा शॉट (परवानगी घेऊन!) एकदा न्यायमंदिराला जोडला, एकदा उकळत्या चहाला. १८९६ची ती इमारत, तिथलं कोर्ट आता दुसरीकडे गेलंय. पहिल्या जोडणीत मामा गंभीर दिसतात, दुसऱ्यात फक्त आळसावलेले. स्वतः मामांना दोन्ही शॉट वेगवेगळे वाटले.

उभ्या फ्रेमने विषयही ठरतो. सूरसागर तलावाचा विस्तार ९:१६ मध्ये मावत नाही, मधली १११ फुटी शिवमूर्ती मात्र फिट्ट बसते. म्हणून तलावाचा पसारा आता आवाजाने सांगतोय: घाटावरची वर्दळ आधी ऐकू येते, चित्र मागून येतं. खालच्या पट्टीत कॅप्शन आणि बटणं येतात, तेव्हा महत्त्वाचं काही तिथे नको.

व्हॉइसओव्हरवर सगळ्यात जास्त वेळ गेला. लिहून वाचलं की माझा आवाज बातम्यांचा होतो. आता काकूंना सांगतोय असं समजून आधी बोलतो, मग त्यावर चित्रं बसवतो. घरातली बडोदी मराठी, मधेच येणाऱ्या गुजराती 'चालशे'सकट, तशीच ठेवलीय. माझ्या वेगाला पाऊण मिनिटात नव्वदेक शब्द बसतात. त्यातून चित्रात दिसतंय ते सगळं छाटतो. "ही बघा गरमागरम उसळ" हे वाक्य गेलं, वाफ दिसतेच आहे.

एक जरा बाजूची गोष्ट. तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं याच डोळ्यांनी पुन्हा पाहिली. भिंतीसमोर कुठे किती रेंगाळायचं ते बघणारा ठरवतो, व्हिडिओत ते मी ठरवतो. म्हणून भरगच्च चित्राचा शॉट दीड सेकंदात कापणं मला अन्याय वाटतो, रेघ घसरली तरी. यावर आपल्यापैकी काहींचं मत उलट असेल, मांडा.

पुढचा विषय कलाभवन, बडोद्यातली जुनी कलाशिक्षण संस्था. दादासाहेब फाळके तिथे शिकले होते, एवढं सांगून व्हिडिओ होत नाही. त्याला प्रश्न अजून सापडलेला नाही, तोवर कॅमेरा काढणार नाही. दरम्यान, मांडवीच्या गर्दीत हॉर्नच्या कल्लोळातून माणसाचा आवाज स्वच्छ घ्यायला कॉलर माइक बरा की हातातला, हे कोणी वापरून पाहिलं असेल तर कळवा.