सहाशे चाळीस ग्रॅम

माझ्या घरी कुत्री राहायला येतात. मालक लग्नाला गेले, गावाला गेले, परदेशी गेले की चार-आठ दिवस ती पुण्यात धायरीला आमच्याकडे असतात. या कामाला आता नऊ वर्षं झाली. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, इंडी म्हणजे आपली गावठी कुत्री, बीगल, सगळ्यांचं केलं. आणि कायमचा रहिवासी म्हणजे आमचा बाजी, चार वर्षांचा ग्रेट डेन. वजन ६२ किलो, खांद्यापाशी उंची ८२ सेंटिमीटर. पाणी तो बादलीतूनच पितो.

डिसेंबरातला दुसरा आठवडा होता. बुधवारी संध्याकाळी एका ताईंचा फोन आला. वडिलांना नागपूरला तातडीने अ‍ॅडमिट केलं होतं, रात्रीची गाडी गाठायची होती, आणि घरात आठ दिवसांपूर्वी आणलेलं टॉय पॉमचं, म्हणजे अगदी लहान पोमेरेनियनचं पिल्लू. "ताई, कुठेच घेत नाहीयेत हो. रविवारी परत येतो."

कुठेच घेत नाहीत याला कारण आहे. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू मीही घेत नाही. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा जुलाब-उलट्यांचा आजार. त्याचा विषाणू फरशीत, मातीत महिनोन्महिने तग धरतो, आणि ज्या घरात सतत कुत्र्यांची ये-जा आहे तिथे असं पिल्लू ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ. पण त्या आठवड्यात बाजीशिवाय घरात दुसरं कुत्रं नव्हतं. सासूबाईंची खोली अशी आहे की तिथे पाहुण्या कुत्र्यांना मी कधीच जाऊ देत नाही. शिवाय फोनवरचा तो आवाज. मी हो म्हटलं.

पिल्लू आलं ते बुटांच्या खोक्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून. नाव चिंगी. ताईंनी लसीचं कार्ड दिलं, त्यावर एकच शिक्का. विकणाऱ्याने सांगितलेलं वय दोन महिने. खाणं 'दिवसातून तीनदा', असं एका चिठ्ठीवर लिहिलेलं. सासूबाईंनी ओट्यावरचा वजनकाटा काढला, त्यावर स्टीलची वाटी ठेवली आणि चिंगीला वाटीत बसवलं. ६४० ग्रॅम. बाजीचं रात्रीचं भात-चिकन याहून जास्त भरतं.

माझं सगळं लक्ष त्या क्षणापासून बाजीवर गेलं. बाजी स्वभावाने गरीब आहे, पण गरीब स्वभावाचं मोठं कुत्रं लहान पिल्लाला मारत नाही असं कुणी समजू नये. डेन खेळायला बोलावतो तो पंजा आपटून. त्या पंजामागे ६२ किलो असतात. टॉय जातीच्या पिल्लांची पुढच्या पायाची हाडं काडेपेटीतल्या काडीसारखी, सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. चिंगीच्या टाळूवरून बोट फिरवलं तर मधोमध मऊ लागत होतं, तान्ह्या बाळाची टाळू लागते तसं. आणि पळणारी, चिरकणारी, केसाळ वस्तू दिसली की चांगल्या वळणाच्या कुत्र्याच्याही आत शिकारीचं काहीतरी जागं होऊ शकतं. ते एका सेकंदाचं काम असतं.

म्हणून पहिल्याच रात्री नियम ठरले. दोघं एकाच वेळी जमिनीवर मोकळी राहणार नाहीत. चिंगी सासूबाईंच्या खोलीत, पलंगाशेजारी क्रेटमध्ये, दाराला बाहेरून कडी. बाजीची बादली गॅलरीत हलवली, कारण त्या बादलीत चिंगी पडली असती तर आवाजही आला नसता. ओळख करून दिली ती गुरुवारी सकाळी, आणि तीही आधी नुसत्या वासाची. चिंगीचा टॉवेल बाजीला हुंगायला दिला. मग मधे लोखंडी जाळी, बाजीचा पट्टा नवऱ्याच्या हातात, चिंगी माझ्या मांडीवर.

बाजी आला, उभा राहिला आणि मग आपण होऊन खाली बसला. आधी ढोपरं, मग पोट, मग हनुवटी फरशीला. जाळीपलीकडे त्याचं नाक चिंगीच्या अख्ख्या तोंडाएवढं दिसत होतं. त्याच्या ओठातून लाळेचा एक थेंब सुटला आणि जाळीच्या तारेवर लोंबत राहिला. चिंगीने मान पुढे काढून तो हुंगला, शिंकली, आणि परत माझ्या पदरात शिरली. बाजीची शेपटी एकदा फरशीवर आपटली, काठी आपटावी तशी. चिंगी दचकली नाही. पाच मिनिटांत मी दोघांना वेगळं केलं. पहिली भेट लहानच असावी.

संध्याकाळी ताईंचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली होती, जरा हायसं वाटत होतं. म्हणाल्या, "बाजीच्या कुशीत चिंगी झोपलेला एक फोटो काढा ना." असा फोटो मला दर वेळी मागतात. मी नाही म्हटलं. झोपेत बाजीने कूस बदलली तर तो पिल्लाला बघणार कुठे? सगळ्यांना गोड वाटणारा फोटो नेमका तोच असतो जो काढायला मला सगळ्यात भीती वाटते. मी जाळीच्या दोन बाजूंना दोघांना ठेवून एक फोटो पाठवला. त्यांना पटलं.

गुरुवारी चिंगीला मी चारदा खायला दिलं. पिल्लांचं खाणं कोमट पाण्यात भिजवून, कालवून. दिवसा तीनदा खाल्लं, रात्री दहाला मात्र दोन चमचे खाऊन तोंड फिरवलं. आता इथे माझी चूक झाली, ती स्पष्ट लिहिते. नवीन घरात आलेलं कुत्रं पहिले एक-दोन दिवस जेवत नाही, हे मी नऊ वर्षं बघत आले आहे. लॅब्राडोर एक वेळ उपाशी राहिला तर मी त्याच्या मागे लागत नाही, सकाळी आपण होऊन खातो. तोच हिशोब मी चिंगीला लावला. वाटी उचलली, तिला क्रेटमध्ये ठेवलं, दाराला कडी आहे ना ते दोनदा बघितलं आणि झोपले.

शुक्रवारी पहाटे सव्वापाचला सासूबाईंची हाक आली. "अगं ऊठ. हे गार पडलंय."

मी धावले. चिंगी त्यांच्या तळहातांवर ओल्या फडक्यासारखी पडली होती. मान सावरत नव्हती. डोळे उघडे, पण कुठेही न बघणारे. जबडा बारीक थरथरत होता आणि मधेच मागचे पाय ताठ होत होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो बाजीचा. रात्री दार उघडं राहिलं का? मी तिच्या अंगावरून हात फिरवायला लागले. बरगड्या, पाठ, मान, डोकं. कुठे सूज? कुठे दात? रक्त? दाराकडे बघितलं, सासूबाईंनी आत्ता हाक मारून नवऱ्याकडून उघडून घेतलं होतं, तोवर कडी होती. बाजी हॉलमध्ये आपल्या गादीवर होता. तरी मी शोधतच होते. एक मिनिट गेलं असेल, कदाचित जास्त. ते मिनिट माझ्या मनातून अजून जात नाही.

सासूबाईंना डायबेटिस आहे, पंधरा वर्षांपासून. त्या म्हणाल्या, "माझी साखर उतरते तेव्हा मला अशीच थरथर सुटते. याला काही खायला मिळालंय का रात्रभर?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दहाला दोन चमचे, आणि आता सव्वापाच. सात तास. एवढ्याशा पिल्लाचं यकृत केवढं, त्यात साखरेचा साठा तो किती? अंगावर चरबी नाही, स्नायू नाहीत. मेंदूला मात्र साखर सतत लागते. त्यात धायरीची डिसेंबरातली पहाट, अंग गरम ठेवायलाच सगळी शक्ती खर्ची पडलेली. बाजीच्या बाबतीत मला भरल्या पोटाची धास्ती असते. डेनचं पोट फुगून त्याला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो, म्हणून जेवल्यावर मी त्याला पळू देत नाही. इथे सगळं उलटं होतं. रिकाम्या पोटानेच घात केला होता.

नवऱ्याने मध आणला. बोटाच्या टोकावर घेऊन मी तिच्या हिरड्यांना चोळला, गालाच्या आतून, जिभेखाली. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या आणि तोंड आतूनही थंड लागत होतं. चमच्याने काही ओतायचं नाही, हे तेवढ्यात आठवलं. गिळायचं भान नसलेल्या पिल्लाच्या तोंडात ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. सासूबाईंनी बाटलीत कोमट पाणी भरून ती फडक्यात गुंडाळली आणि चिंगीच्या पोटाशी लावली. मी डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. "मध लावत राहा आणि निघा. मी खाली येऊन उघडतो."

दवाखाना सिंहगड रोडला आहे. नवरा गाडी चालवत होता, मी मागे, चिंगी सासूबाईंच्या शालीत. दर दोन मिनिटांनी बोटभर मध. वडगावच्या पुलाच्या अलीकडे तिने जीभ हलवली. माझं बोट चाटलं नाही, नुसती जीभ हलली. मी मोठ्याने "चिंगे, चिंगे" म्हणत होते.

डॉक्टरांनी कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब घेतला. मीटरवर आकडा आला ३१. निरोगी कुत्र्याचा साधारण ८० ते १२० असतो. ताप मोजला तर ९६, असायला हवा १०१-१०२. मग शीर शोधणं सुरू झालं. पुढच्या पायावरचे केस त्यांनी कापले, मी ढोपराच्या वर अंगठ्याने दाब दिला, आणि त्या नखाएवढ्या जागेत निळसर दोरा दिसला. बाजीला लावतात ती सलाईनची सुई इथे चालणारच नव्हती. सगळ्यात बारीक, जांभळ्या टोपणाची सुई त्यांनी काढली. पहिल्यांदा शीर निसटली. दुसऱ्यांदा आत गेली. ग्लुकोज पातळ करून अगदी हळू, घड्याळाकडे बघत त्यांनी सोडलं. मी चिंगीच्या छातीवर दोन बोटं ठेवून होते.

वीस मिनिटांनी तिने डोकं उचललं. मग इकडे-तिकडे बघितलं. आणि मग कुईं केलं, तेही रागाने. मला रडू आवरलं नाही.

तिला सलाईन चालू असतानाच डॉक्टरांनी टॉर्च घेऊन तिचं तोंड उघडलं. मागचे दुधाचे दात अजून पुरते वर आले नव्हते. "दोन महिने कुणी सांगितलं? सहा आठवड्यांच्या वर नाही हे पिल्लू. आणल्याला आठ दिवस झाले म्हणता, म्हणजे पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलंय." पोट टम्म होतं, शी तपासली तर जंताची अंडी. पार्व्होची टेस्ट निगेटिव्ह आली, तेवढा एक दिलासा. पण आईचं दूध सुटलेलं, पोटात जंत, नवीन घर, आठवड्यात दुसरं नवीन घर, थंडी, आणि वर माझी ती सात तासांची रात्र. याला ती किती पुरी पडणार?

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, असा नियम आपल्या देशात २०१७ पासून आहे. विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. तरी फोनवर फोटो दाखवून, 'टीकप' म्हणजे चहाच्या कपात मावतील एवढी म्हणत, पिल्लं विकली जातात. टीकप नावाची जात कुठल्याही केनेल क्लबच्या यादीत नाही. लहान वयात आईपासून तोडलेलं पिल्लू आणखी लहान दिसतं आणि लहान दिसलं की जास्त पैसे मिळतात. मला याचा फार संताप येतो. त्या ताईंनी विकणाऱ्याला नोंदणीचा नंबर विचारला नव्हता, कारण असं काही विचारायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

दुपारी चिंगीला घरी आणलं. ताईंना सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही तिच्याजवळ आहात ना?"

त्यानंतर रविवारपर्यंत आमचं घर चिंगीच्या पोटावर चाललं. दर तीन तासांनी खाणं, रात्री अकरा, दोन आणि पाचचा गजर. रोज सकाळी वाटीत वजन. ओट्यावर मधाची बाटली झाकण सैल करून ठेवलेली. सासूबाईंनी फ्रीजवर कागद चिकटवला आणि त्यावर वेळ, चमचे, शी-शू असं लिहायला लागल्या. शनिवारी ६५५. रविवारी ६७०.

बाजीसाठीचे नियम होते तसेच ठेवले. शनिवारी संध्याकाळी चिंगी जाळीच्या अलीकडे आपलं भिजवलेलं खाणं खात होती आणि तो पलीकडे पडून बघत होता. खाऊन झाल्यावर ती जाळीपाशी गेली आणि त्याच्या नाकावर दोन्ही पुढचे पाय ठेवून उभी राहिली. नाक जाळीला टेकलेलं होतं, त्याने ते हलवलं नाही. श्वासही बहुधा रोखून धरला होता. नवऱ्याने पट्टा घट्ट धरला होता, मीही जाळीवर हात ठेवून होते. ती उतरली तेव्हाच त्याने मोठा उसासा सोडला.

रविवारी रात्री आठला ताई आल्या. चिंगी त्यांच्या हनुवटीखाली शिरली. फ्रीजवरचा कागद मी त्यांना दिला, जंताच्या पुढच्या डोसची तारीख दिली, मध हिरडीला कसा लावायचा ते त्यांच्याच बोटाने करून घेतलं. सासूबाईंनी आपला वजनकाटा पिशवीत घालून दिला. "मी दुसरा आणीन," म्हणाल्या.

रात्री दोनला आमच्याकडे गजर वाजला. बंद करायचा राहिला होता. बाजीने हॉलमध्ये डोकं उचललेलं मला दारातून दिसलं. फोन हातात घेतला तर दोन वाजून चार मिनिटांनी मेसेज आला, "तीन चमचे खाल्ले. ६७८."

सासूबाई अंधारातून म्हणाल्या, "किती भरली?"